उपदेश आणि पृच्छा

मावळांतील लोहगड आणि विसापूर हे एकमेकांच्या इतके निकट आहेत कीं, त्यांना एका घरांतले दोन भाऊ म्हणावयास हरकत नाहीं. दोहोंच्या मध्यें गायमुखाची खिंड आहे आणि तेथेंच, लोहगडाच्या पायथ्याशीं, लोहगडवाडी हें लहानसें गांव वसलें आहे. विसापूर उंचीनें थोरला, लोहगड कीर्तीनें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत लोहगड मोंगलांकडे गेला, १६७० त तो परत स्वराज्यांत आला, आणि उत्तर पेशवाईंत नाना फडणविसांची त्यावर विशेष मर्जी होती. इतक्या नांवलौकिकाचा हा किल्ला इंग्रजांच्या हातीं कसा गेला ही हकीकत मात्र दोन वाक्यांत आटोपते. १८१८ च्या मार्चाच्या ४ तारखेस कर्नल प्रॉथरच्या फौजेनें विसापूर घेतला. विसापुराच्या माथ्यावरून लोहगड तोफांच्या माऱ्यांत येतो; हें ओळखून लोहगडच्या शिबंदीनें दुसऱ्याच दिवशीं गड सोडला.

शेजारची उंच जागा धरावी आणि खालच्यावर भडिमार करावा, ही युक्ति दगडी किल्ल्यांच्या बाबतींत अशी फलदायी आहे. मनुष्याच्या मनाचा किल्ला मात्र या रीतीनें पडत नाहीं, हें ज्याच्या घरांत एखादा दारुडा, जुगारी किंवा साधा तंबाखूचा षौकीन आहे, त्याला सांगावयास नको. तरी आश्चर्य असें कीं, व्यसनी माणसाला सुधारावयास निघालेला प्रत्येक सज्जन पहिल्या प्रथम स्वतःपुरता एक विसापूर शोधतो. वडील वडीलपणाच्या टेकडीवर चढतात, वैद्य ज्ञानाच्या, शेजारी सदाचाराच्या. आणि तेथून सुरू होतो तो ‘किती वेळां सांगितलें’, ‘पोराबाळांचा तरी विचार कर’, ‘यकृत सडून जाईल’ इत्यादि गोळ्यांचा वर्षाव. ज्याच्यावर तो होतो तो किल्ला सोडून जात नाहीं; दरवाजे लावून घेतो. असें कां व्हावें, आणि दुसरी कांहीं वाट आहे कीं काय, याचा शोध आपल्याकडे आणि परदेशांत कसकसा झाला, त्याची थोडी हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम आपल्याकडचें पाहूं. महाराष्ट्रांत व्यसनाशीं झालेल्या झगड्याच्या दोन जुन्या वाटा आहेत, एक माळेची आणि एक कायद्याची. लोहगडाच्या एका अंगाला इंद्रायणीचें खोरें आहे, दुसऱ्या अंगाला पवनेचें. इंद्रायणी लोणावळ्याच्या बाजूस उगम पावून देहू-आळंदीला जाते. त्यामुळें या मुलुखांत माळेची वाट सर्वांच्या परिचयाची. गळ्यांत तुळशीची माळ आली कीं दारू आणि मांस सुटलें, हा वारकऱ्याचा नियम. या रीतींत एक मर्म आहे. माळ घालावयाची ती मनुष्यानें स्वतः पुढें होऊन. घरच्यांनीं कितीहि आर्जव केलें तरी दुसऱ्याच्या गळ्यांत बळें अडकवलेल्या माळेला गांव माळ समजत नाहीं. पण या वाटेवर यावयास मनुष्याला भक्तीची ओढ लागावी लागते, आणि ती ज्याला लागली नाहीं त्याचें काय करावें, या प्रश्नाला माळेजवळ उत्तर नाहीं.

कायद्याची वाट अलीकडची. १९०८ सालीं पुण्यांत दारूच्या गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहूं लागले आणि टिळकांनीं त्या चळवळीला उघड पाठिंबा दिला. १९३७ त बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. तें मंत्रिमंडळ त्याच वर्षीं गेलें. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. १९५१ त बलसारा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील कांहीं कलमें रद्द केलीं, पण मुख्य कायदा राहिला. आणि पुढें बंदी सैल होत होत आज दारूचीं दुकानें राजरस्त्यावर असतांनाहि पिणाऱ्यानें परवाना बाळगावा असें तो कायदा म्हणतोच आहे. कायद्यानें कांहींच साधलें नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या गांवांतून बायकांनीं मतें देऊन दुकान उठवलें, त्या गांवच्या बायकांस विचारावें. परंतु कायदा दुकानाशीं बोलतो, माणसाशीं नव्हे. दुकान बंद होतें आणि माणूस हातभट्टीची वाट विचारूं लागतो.

या दोन वाटांखेरीज तिसरी एक वाट आपल्याकडे एका निरक्षर माणसानें पाडली होती, आणि ती आमच्या विषयाच्या फार जवळून जाते. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा, परिटाच्या कुळांतला. वडील झिंगराजी दारूच्या पायीं गेले आणि लहानगा डेबूजी आईबरोबर दापुऱ्यास मामाच्या घरीं वाढला. पुढें त्याचें लग्न झालें, मुलगी झाली, बारसें आलें. जातीच्या रिवाजाप्रमाणें त्या दिवशीं जेवणांत मांस आणि दारू असावयाची. डेबूजीनें पाहुण्यांना गोडाचें जेवण घातलें. जातवाले रागावले, पण पानावर लाडू आधीं आलेला होता! १९०५ त घर सोडल्यावर हा मनुष्य पन्नास वर्षें अंगावर चिंध्या आणि हातांत गाडगें व खराटा घेऊन महाराष्ट्रभर हिंडला. गांवांत शिरला कीं आधीं गांव झाडावयाचें आणि रात्रीं कीर्तन करावयाचें, हा क्रम. या मावळांत, तळेगांवास, ज्यांनीं पुढें कायमचें घर केलें आणि गडकोटांवर ज्यांचें प्रेम सर्वश्रुत आहे, ते गोपाल नीलकंठ दांडेकर तरुणपणीं बाबांच्या सहवासांत होते आणि त्यांनीं बाबांवर लिहिलेंहि. प्रबोधनकार ठाकरे यांनीं तर बाबांच्या हयातींतच त्यांचें चरित्र लिहून प्रसिद्ध केलें.

बाबांच्या कीर्तनाला पूर्वरंग आणि आख्यान असा ठराविक सांचा नव्हता. गोपालाचा नामघोष झाला कीं बाबा श्रोत्यांस प्रश्न विचारूं लागत, वऱ्हाडी बोलींत, अगदीं सरळ. देव किती? तो कोठें राहातो? नवसाला बकरें कोण मागतो? कर्ज काढून तिथी करावी कीं नाहीं? दारू पिणाऱ्याच्या घरांत काय उरतें? अशा अर्थाचे हे प्रश्न असत, आणि उत्तर श्रोत्यांनीं द्यावयाचें. हजारों माणसें एका आवाजानें उत्तर देत, बाबा त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचीत. १९५६ च्या नोव्हेंबरांत मुंबईस वांद्र्याला पोलिसांसमोर झालेलें त्यांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालें आहे. पुढच्याच महिन्यांत, २० डिसेंबरास, बाबा गेले. तें मुद्रण ऐकतांना लक्षांत येतें कीं, या कीर्तनकाराच्या तोंडीं होकारार्थी विधानें थोडीं आणि प्रश्न फार. श्रोत्याला जें सांगावयाचें तें त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें, ही त्यांची हातोटी होती. आपण जें स्वतः बोललों तें आपलें वाटतें, दुसऱ्यानें सांगितलेलें परकें राहातें, हा मनोधर्म त्यांनीं कोणत्या विद्यापीठांत शिकला नव्हता.

येथें एक भेद सांगितला पाहिजे, आणि बाबांविषयींच्या आदरामुळें तो गाळणें बरें नव्हे. बाबांच्या प्रश्नांचीं उत्तरें आधींच ठरलेलीं असत. मांडवांत बसलेल्या दहा हजारांना ‘दारू चांगली कीं वाईट’ विचारलें तर ‘वाईट’ हेंच उत्तर यावयाचें. ओरडणाऱ्यांत पिणारेहि असावयाचेच आणि तेहि तितक्याच जोरानें ओरडावयाचे. समुदायाला जागें करण्यास ही रीति अद्वितीय. पण तोच मनुष्य दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं एकटा गुत्त्याच्या रस्त्यावर उभा राहिला म्हणजे त्याच्या मनांत दोन उत्तरें असतात, आणि दोन्ही खरीं असतात. या एकट्या माणसाला काय विचारावें, या प्रश्नाचा पाठपुरावा पुढें दुसऱ्या खंडांत झाला.

अमेरिकेंत दारुड्यांच्या उपचाराची जी पद्धति विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ होती, ती मोठी कठोर होती. व्यसनी मनुष्य खोटारडा, तो आपला रोग नाकबूल करावयाचाच, म्हणून त्याला खडसावून त्याचा नकार मोडून काढावा, असा तिचा सिद्धांत. विल्यम मिलर हे न्यू मेक्सिको विद्यापीठांतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यपान कमी करण्याच्या शास्त्रोक्त पद्धति शिकवणारे अनेक उपचारक त्यांनीं निरखले आणि कोणता उपचारक समोरच्याचें म्हणणें किती समजून घेतो याची प्रतवारी लावली. सहा ते आठ महिन्यांनीं पाहातां, कोणाचे रुग्ण किती सुधारले यांतील सुमारें दोन-तृतीयांश फरक एकट्या या समजूतदारपणानें उलगडला. पद्धति एकच, पण ती राबवणारा मनुष्य कसा ऐकतो यावर फळ अवलंबून. याच मिलरांनीं १९९३ त आणखी एक गोष्ट दाखवली: उपचारक जितका अधिक वाद घाली आणि खडसावी, तितका त्याचा रुग्ण वर्षाअखेर अधिक पीत असे. आपल्या घरोघरच्या विसापुरांवर ज्या तोफा धडाडतात, त्यांचें याहून निर्दय मोजमाप आम्हांस माहीत नाहीं.

या दोन अभ्यासांच्या मधली गोष्ट अधिक मनोरम आहे. १९८२ सालीं मिलर रजेवर नॉर्वे देशांत बेर्गेन शहराजवळच्या एका चिकित्सालयांत गेले होते. तेथील तरुण मानसशास्त्रज्ञांचा एक गट त्यांच्याशीं नियमित चर्चा करी. त्यांनीं मिलरांस नुसतें बोलूं दिलें नाहीं. त्यांच्यापैकीं एकानें आपल्या एखाद्या अवघड रुग्णाचें सोंग घ्यावें, मिलरांनीं त्याच्याशीं बोलावें आणि बाकीच्यांनीं मध्येंच थांबवून विचारावें: आतां हाच प्रश्न कां विचारला? तो इतकें बोलला, त्यांतला हाच शब्द उचलून परत कां दिला? येथें गप्प कां राहिलांत? उत्तरें देतां देतां मिलरांच्या ध्यानांत आलें कीं, आपण न कळत कांहीं नियम पाळीत आहों, आणि ते आपल्याला कोणीं शिकवले नव्हते, आपणहि कोणाला शिकवले नव्हते. ते त्यांनीं कागदावर उतरवले आणि १९८३ त तो लेख छापला गेला. पुढें स्टीफन रोलनिक या ब्रिटनमध्यें काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाशीं त्यांची गांठ पडली, आणि १९९१ त दोघांचा ग्रंथ आला. या पद्धतीला इंग्रजींत ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. मराठींत ‘प्रेरक संवाद’ म्हटल्यास चालावें. गुरूला शिष्यांच्या प्रश्नांतून स्वतःचीच विद्या कळली, ही गोष्ट आमच्या उपनिषदांच्या वाचकांस नवी वाटूं नये.

या विद्येचें बीज असें आहे. व्यसनी मनुष्याला आपलें नुकसान कळत नाहीं, ही समजूत बहुधा चुकीची असते. त्याला तें आपल्यापेक्षां अधिक कळतें, कारण तें त्याच्याच घरांत होत असतें. परंतु सोडावें आणि सोडूं नये, असे दोन पक्ष त्याच्या मनांत एकाच वेळीं नांदत असतात. आपण जाऊन ‘सोडावें’ या पक्षाची वकिली घेतली कीं उरलेल्या पक्षाची वकिली त्याला घ्यावी लागते. तो ‘मी कांहीं रोज पीत नाहीं’ म्हणूं लागतो आणि आपलेंच भाषण ऐकत ऐकत त्या पक्षाला अधिकाधिक मिळतो. म्हणजे उपदेशकानें आपल्या खर्चानें प्रतिपक्षाला वकील मिळवून दिला! याच्या उलट, बदलाच्या बाजूचीं वाक्यें जर त्याच्याच तोंडून निघालीं, तर त्याच न्यायानें तीं त्याला त्या बाजूकडे ओढतात.

हें तत्त्व म्हणून सांगितलें तर कोरडें वाटेल; म्हणून एक प्रसंग कल्पूं. समजा, लोहगडवाडींतले एक गृहस्थ आहेत. पावसाळ्यांत पुण्या-मुंबईचे हौशी लोक गडावर लोटतात, तेव्हां शनिवार-रविवारीं पायथ्याशीं ते भजीं, चहा, पिठलें-भाकरी यांचें दुकान मांडतात. २०२५ सालीं लोहगड जागतिक वारशाच्या यादींत गेला, तेव्हां गिऱ्हाइकाची उमेदहि वाढली. सोमवारीं गर्दी ओसरली कीं हे पितात, आणि तो सोमवार कधीं कधीं बुधवारपर्यंत चालतो. आरोग्यकेंद्रांतील बाई त्यांना ‘दादा, दारू सोडा, नाहीं तर लिव्हर जाईल,’ म्हणाल्या, तर उत्तर ठरलेलें: ‘ताई, आमचा आजा पीत होता, नव्वद वर्षं जगला.’ संवाद संपला. आतां दुसरी रीति पाहावी.

‘दादा, घेतल्यावर तुम्हांला बरं काय वाटतं?’ असा आरंभ. गृहस्थ जरा चकित होतात, कारण हा प्रश्न त्यांना कोणीं विचारलेला नसतो. ‘अंग ठणकतं ओ ताई. दोन दिवस उभ्यानं काम. घेतली का झोप लागती.’

‘म्हणजे दोन दिवसांचा शीण उतरवायला तेवढंच एक औषध हाताशीं आहे.’

‘तसंच. पर एका दिवसावर भागत न्हाई आतां. मंगळवारीं उठवत न्हाई. घरची एकटी समदं धुती, आवरती.’

‘तें तुम्हांला बरं वाटत नाहीं.’

‘कसं वाटंल? पोरगी धाव्वीला हाय. ती काय बोलत न्हाई. नुसती बघती.’

येथें बाईंनीं कांहींच बोलूं नये. उपदेशकाला ही जागा सुवर्णसंधि वाटते. मुलीचें नांव निघालें कीं तो ‘मग तिच्यासाठीं तरी...’ म्हणून तोफ डागतो आणि गृहस्थ पुन्हां आज्याच्या नव्वद वर्षांकडे पळतात. बाई थांबतात. थोड्या वेळानें विचारतात, ‘दादा, एकापासून दहापर्यंत धरलं, तर हें कमी करावं असं तुम्हांला किती वाटतं?’ ‘चार धरा.’ आतां सामान्य मनुष्य विचारील, ‘चारच कां?’ त्यावर कमी वाटण्याचीं सगळीं कारणें बाहेर येतील. बाई उलट विचारतात, ‘चार कां? एक कां नाहीं म्हणालांत?’ या एका प्रश्नानें गृहस्थांना स्वतःच बदलाच्या पक्षाचें वकीलपत्र घ्यावें लागतें: पोरगी, घरची, मंगळवारीं बुडालेलें सामान आणणें, मागच्या वर्षीं खिंडींत पडून मोडलेला हात. आणि शेवटीं, ‘एकदम सुटायची न्हाई ताई, खोटं कशाला बोलूं? सोमवारच्या पुढं न्यायची न्हाई, एवढं बघतों.’ बाई ही गोष्ट तुच्छ मानीत नाहींत आणि तिच्यावर टाळ्याहि वाजवीत नाहींत. ‘मंगळवारीं सकाळीं कशी तल्लफ येते, तेव्हां काय कराल?’ इतकेंच विचारतात. आणि बोलणें व्यवहाराकडे वळतें.

आमच्या एका स्नेह्यानें हें ऐकून शंका काढली कीं, ही तर विम्याच्या एजंटाची विद्या झाली. गोड बोलून आपल्याला हवें तें समोरच्याच्या तोंडून काढावयाचें. शंका रास्त आहे. ज्या हत्यारानें दारू सुटते, त्यानें पॉलिसीहि खपते. मिलर-रोलनिकांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तींत त्यांनीं या पद्धतीच्या मूळ वृत्तींत ‘करुणा’ हा घटक मुद्दाम घातला, म्हणजे हें संभाषण बोलणाऱ्याच्या फायद्यासाठीं नसून ऐकणाऱ्याच्या हितासाठीं आहे, ही अट घातली. अट पाळली जाते कीं नाहीं हें अर्थात् अटीवरून कळत नाहीं. आमच्या मतें खरी कसोटी निराळी आहे. समोरच्यानें शेवटीं ‘नाहीं, मला सोडावयाची नाहीं’ म्हटलें, तर विचारणाऱ्याचा चेहरा कसा होतो तें पाहावें. गीतेंत द्विधा झालेल्या अर्जुनाला सारें सांगून झाल्यावर भगवान् अठराव्या अध्यायांत निर्णय त्याच्यावरच सोपवतात. याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसें कर, असा त्यांचा अभिप्राय. हें स्वातंत्र्य दिलें गेलें सातशें श्लोकांच्या अखेरीस, हें खरें, आणि तेवढा धीर प्रत्येक दारुड्याला असेल अशी अपेक्षा करूं नये. पण तें दिलें गेलें, हें महत्त्वाचें.

पुण्यास या सर्व विचाराशीं समांतर, पण निराळ्या उगमाचा एक प्रवाह १९८६ सालीं सुरू झाला. त्या सुमारास ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, शहरांतील तरुणांत पसरली होती. अनिल अवचट यांनीं त्या मुलांत हिंडून लेख लिहिले. तें लेखन ‘गर्द’ या नांवानें पुस्तकरूपानेंहि आलें. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनीं तें वाचून एक लाख रुपये देऊं केले. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयांत डॉक्टर होत्या. त्यांच्या पुढाकारानें त्याच आवारांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ति केंद्र उघडलें. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांचा आरंभापासून त्यांत हात होता. सुनंदाबाई १९९७ त गेल्या, अवचट २०२२ च्या जानेवारींत. काम पुढें त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं चालवलें.

मुक्तांगणांत मिलरांचा ग्रंथ समोर ठेवून कांहीं केलें असें नव्हे. तो ग्रंथ तर पांच वर्षांनंतरचा. परंतु तेथें दोन गोष्टी प्रथमपासून होत्या. एक, रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणावयाचें. हा केवळ गोड शब्द नव्हे. अमेरिकेंतील पुस्तकें अशा माणसाला जो शब्द योजतात त्याचा मराठी अर्थ ‘अशील’ होतो आणि आपल्याला कोर्टाची आठवण होते. ‘रोगी’ म्हटलें तर तो खाटेवर पडतो. मित्र म्हटल्यावर मात्र त्याला उंचावरून बोलण्याची सोय राहात नाहीं. दुसरी गोष्ट, जे व्यसनांतून बाहेर आले त्यांतलेच पुष्कळ जण तेथें कार्यकर्ते झाले. ज्यानें स्वतः बायकोचें मंगळसूत्र विकलें आहे, त्याच्यापुढें कोणता आव आणणार? पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट आहे. या स्त्रियांचा विचार आमच्या निबंधांत फार थोडा आला, हें आम्हांस ठाऊक आहे. ‘नवऱ्याला समजून घ्या, वाद घालूं नका’ हा सल्ला मार खाणाऱ्या बाईला देणें म्हणजे भडिमाराची तोफ फक्त वळवून तिच्याकडे लावणें होय. ऐकून घेण्याचें काम शिकलेल्या तिऱ्हाइताचें आहे. बायकोला प्रथम स्वतःचा आणि मुलांचा बचाव करण्याचा हक्क आहे, आणि तो कोणत्याहि मानसशास्त्रानें कमी होत नाहीं.

तसेंच, ज्याचें शरीर दारूवर इतकें अवलंबून आहे कीं ती एकाएकी थांबतांच हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात, त्याच्याजवळ प्रश्न विचारीत बसूं नये. त्याला आधीं इस्पितळांत न्यावें.

तिऱ्हाइतानें शिकावयाचें, तर कोणी? सगळेच मानसोपचारतज्ज्ञ कोठून आणावयाचे? या प्रश्नाला गोव्यांत एक उत्तर मिळालें. तेथील ‘संगत’ या संस्थेनें, डॉ. विक्रम पटेल व डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या देखरेखीखालीं, प्राथमिक आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या आणि अपायकारक प्रमाणांत पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चांचणी केली. निम्म्यांना नेहमीचा उपचार थोडा सुधारून दिला. निम्म्यांना त्याबरोबर प्रेरक संवादाच्या पायावर रचलेल्या, जास्तींत जास्त चार बैठकी. या बैठकी घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरहि नव्हते. गांवांतलीं साधीं माणसें निवडून त्यांना शिकवलें होतें. निष्कर्ष ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत २०१७ सालीं छापले गेले. तीन महिन्यांनीं अपायकारक पिण्यांतून बाहेर आलेले बैठकीवाल्यांत शेंकडा ३६, इतरांत २६. मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेले बैठकीवाल्यांत शेंकडा ४२, इतरांत १८. जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या मापांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं. आंकडे चमत्काराचे नाहींत. शंभरांतले चौसष्ट बाहेर आले नाहींत, हेंहि त्यांत आलेंच. पण चार बैठकी, आणि त्याहि गांवच्याच माणसानें घेतलेल्या, एवढ्या भांडवलावर इतकें पदरांत पडणें आम्हांस थोडें वाटत नाहीं.

त्या समुपदेशकांची तयारी कशी करीत तें कळण्यासारखें आहे. रुग्णाच्या संमतीनें बैठक ध्वनिमुद्रित करीत. मग सगळे समुपदेशक एकत्र जमत, आपल्यांतल्या एकाची बैठक लावीत आणि ऐकत ऐकत तिला गुण देत. तज्ज्ञहि गुण देत, सोबतीहि देत. आणि ज्याची बैठक असे तोहि, आपलाच आवाज ऐकत, स्वतःला गुण देई.